न बघण्याची कारणं

अनगोळ, बेळगाव
११ सप्टेंबर २०२५

स्वरूप,

वर 'प्रिय' लिहून खोडलेलं तुला दिसेल. तू प्रिय नाहीस म्हणून खोडलं नाही. आप्पा गेले त्या वर्षापासून, म्हणजे सोळा वर्षांत, आपण एकमेकांना सणाच्या शुभेच्छांपलीकडे काही लिहिलेलं नाही. त्यानंतर एकदम 'प्रिय' म्हणणं मला जरा आगाऊपणाचं वाटलं. हे सगळं फोनवर लिहिता आलं असतं, पण फोनवर खोडलेलं समोरच्याला दिसत नाही. मला ते बरोबर वाटत नाही.

तुझा निरोप रविवारी आला. शब्द बदलायला नकोत म्हणून मी तो डायरीत उतरवून घेतला. "ताई, माझा सिनेमा पुरा झाला. कन्नड आहे. ३१ ऑक्टोबरला लागतोय. आधी तू बघ, लिंक पाठवतो. आईनं बघावा असं तुला वाटलं तर बेळगावात लावू, नाहीतर बेळगाव सोडून बाकीकडे लावू. तू ठरव. १५ ऑक्टोबरपर्यंत सांग."

लिंक आली. मी अजून उघडलेली नाही.

पहिलं कारण, पितृपक्ष चालू आहे. पक्षात नवीन काही सुरू करू नये म्हणतात. मी हे कधी पाळलेलं नाही, गेल्या वर्षी आम्ही फ्रीज पक्षातच आणला. तरी तुझ्या सिनेमाच्या बाबतीत मला ते एकाएकी पटायला लागलंय.

दुसरं कारण, नाव. पोस्टरवर नाव इंग्रजी अक्षरांत आहे. टी, ए, वाय, आय. कन्नडमधून वाचलं तर 'तायी', म्हणजे आई. आपल्या भाषेतून वाचलं तर 'ताई', म्हणजे मी. गावातली सगळी पोरं थोरल्या बहिणीला आक्का म्हणायची. 'आक्का म्हणू नको, ताई म्हण' हे तुला मीच शिकवलं, कारण मी वाचलेल्या पुस्तकांतल्या बहिणी ताई होत्या. त्याचं हे फळ मिळेल असं वाटलं नव्हतं. त्या चार अक्षरांकडे मी शाळेतल्या मधल्या सुट्टीत रोज बघते. कन्नड शिकवणाऱ्या बाईंना दाखवलं तर त्या लगेच 'तायी' म्हणाल्या. आमचे शिपाई 'ताई' म्हणाले. दोघांनाही जरासुद्धा शंका आली नाही.

तिसरं कारण सांगायला लाज वाटते. पोस्टरवरच्या बाईची चमकी उजव्या नाकपुडीत आहे. आपल्यात डावीकडे टोचतात. ती बाई आपली आई असेल तर हे चूक आहे, म्हणून मी बघणार नाही, असं मी डायरीत लिहिलं. मग शंका आली म्हणून आई दुपारी झोपली असताना जाऊन बघितलं. आईच्या नाकात काहीच नाही. भोक डाव्या बाजूलाच होतं बहुतेक, पण ते बुजलंय. कधी बुजलं ते मला माहीत नाही आणि ती माझ्या घरी नऊ वर्षं राहते.

तुझ्या सिनेमाचं तिला मी सांगितलं नव्हतं. शेजारच्या रुक्माबाईंनी तिला मोबाईलवर जाहिरात दाखवली आणि ती माझ्याकडे आली.

"स्वरूपचा पिक्चर आलाय म्हणं. कवा जायचं?"

"बघू," मी म्हटलं.

"मी बी त्येच म्हणतीया. बघू."

खरं कारण यातलं एकही नाही, हे तुला कळलंच असेल. आप्पांच्या तेराव्याला आई तुझ्या डोक्यावरनं हात फिरवायला आली तेव्हा तू मागं सरलास आणि सगळ्यांसमोर म्हणालास, "अकराव्या वर्षी मला घरातनं घालवणारी तू. आता नको." तेच वाक्य तू दोन तासांचं केलं असणार असं मला वाटतं. आणि सत्तर ओलांडलेल्या बाईनं नवं लुगडं नेसून थिएटरात बसून ते ऐकायचं, याला हो म्हणायचं का, हे मी ठरवायचं आहे. बघितल्याशिवाय ठरवता येत नाही. बघितलं की ठरवावंच लागेल.

नीलम
(ताई लिहावं की नाही ते समजेना.)


अनगोळ
२४ सप्टेंबर २०२५

स्वरूप,

पत्र पोचल्याचं तू कळवलंस. "पक्ष संपला" एवढे दोनच शब्द. बरोबर आहे. पक्ष संपून नवरात्र बसलं, तरी मी लिंक उघडलेली नाही.

पण मी एकटीच अशी आहे का, हे शोधायचा मी प्रयत्न केला. कोण कुठले सिनेमे बघत नाही आणि का, हे मी लोकांना विचारत सुटले. तुझे भावजी म्हणाले, "शाळेत शिकवायचं काय उरलं न्हाय वाटतं." मग त्यांनाच विचारलं.

"मी हत्तीचा पिक्चर बघत न्हाय," ते म्हणाले.

परशराम हे बोलतील असं मला लग्नाला एकोणीस वर्षं झाली तरी माहीत नव्हतं. खानापूरकडं त्यांच्या रानात दोनदा हत्ती शिरले आणि पोटरीला आलेलं भात तुडवून गेले, हे माहीत होतं.

"अहो, पण सिनेमातला हत्ती कुठं तुमचं भात खातोय?"

"त्येच तर. पिक्चरमधला हत्ती नमस्कार करतोय, पोरास्नी पाठीवर घेतोय. लोक टाळ्या वाजवत्यात. मला तितं बसून टाळ्या वाजवाय येत न्हाईत आन गप बी बसवत न्हाय."

आमच्या शाळेतल्या विद्युल्लता देशपांडे बाई एका नटाचे सिनेमे बघत नाहीत. तो एकदा इथं एका दागिन्यांच्या दुकानाच्या उद्घाटनाला आला होता. बाई दोन तास उन्हात उभ्या होत्या. त्यानं डाव्या बाजूच्या गर्दीला हात केला आणि उजवीकडे बघितलंच नाही. बाई उजवीकडे होत्या. "आम्ही काय माणसं नव्हतो?" असं त्या मला अजून विचारतात, जणू मीच तो नट आहे. याला अठरा वर्षं झाली. त्यांच्या घरी टीव्हीवर तो आला की नातवंडं आपणहून चॅनेल बदलतात.

आणि आप्पा. तू लहान होतास, तुला कितपत आठवतं कोण जाणे. थिएटरांवर कन्नड पाट्या ठळक झाल्या तेव्हापासून आप्पांनी बेळगावात सिनेमा बघितला नाही. मराठी सिनेमासुद्धा नाही. "पिक्चर मराठी असंल, पर पाटीखालनं आत जावं लागतंय न्हवं," म्हणायचे. मग दोन बस बदलून सगळ्यांना घेऊन गडहिंग्लजला. एकदा पोचेपर्यंत मध्यंतर होऊन गेलं होतं. आप्पांनी पूर्ण तिकिटं काढून आपल्याला उरलेला अर्धा दाखवला, कारण तो महाराष्ट्रात चालला होता. त्या नायकाला शेवटी कशाबद्दल माफ केलं ते आपल्याला आजतागायत कळलेलं नाही.

आप्पांचा हा हट्ट मी वर्गात हसत हसत उदाहरण म्हणून सांगते. पण आता वाटतं, त्यांना निदान आपलं कारण ठाऊक होतं आणि ते ते मोठ्यानं सांगत होते. मी दर आठवड्याला नवं शोधते.

या आठवड्याचं कारण असं की तुझ्या निर्मात्यानं नेमका एक नोव्हेंबरच्या तोंडावर सिनेमा लावलाय. तिकडं कर्नाटकाचा राज्योत्सव, इकडं मराठी माणसांचा काळा दिवस. आप्पा त्या दिवशी दंडाला काळी फीत बांधून फेरीत चालायचे. त्यांच्या मुलाचा कन्नड सिनेमा आदल्या दिवशी लागणार. हे कारण इतकं चांगलं आहे की यावर कुणीही विश्वास ठेवेल. म्हणूनच मला ते वापरवत नाही.

आईनं निळं लुगडं धुऊन, घडी करून गादीखाली ठेवलंय. इस्त्री करून देते म्हटलं तर म्हणाली, "ऱ्हाऊ दे. गादीखाली चांगली घडी बसतीया. पिक्चरला अजून येळ हाय न्हवं?"

अजून वेळ आहे, असं मी म्हटलं.

नीलम


निपाणी
३ ऑक्टोबर २०२५

स्वरूप,

काल दसरा झाला. आज आईला घेऊन नागुआत्तीकडे सोनं द्यायला आले. घरची माणसं बाजारात गेलीत, आई आणि आत्ती आतल्या खोलीत पडल्यात, आणि मी बाहेरच्या सोप्यात बसून आत्तीच्या नातीच्या वहीचं पान फाडून लिहितेय. तिला विचारून फाडलंय.

आत्तीला तुझ्या सिनेमाचं आधीच कळलं होतं. "आमच्या मारुतीच्या पोरानं कानडी पिक्चर काढलाय व्हय? मी न्हाय बघणार," ती आपट्याची पानं हातात घेता घेताच म्हणाली.

मला वाटलं, आता आप्पांच्या बहिणीला शोभेल असं भाषेबद्दल काहीतरी येणार. तसं काही नव्हतं. आत्तीनं लग्नानंतर एकही सिनेमा बघितलेला नाही, कन्नड नाही आणि मराठीही नाही. तिच्या लग्नाचा शालू इथल्याच पेठेतून घेतला होता, मोरपंखी, जरीत कुयऱ्या. लग्नानंतर महिन्याभरानं तिला हौसेनं सिनेमाला नेलं, तर पडद्यावर त्यातली नाचणारी बाई तोच शालू नेसून आली.

"त्योच गं. काठ त्योच, कुयऱ्या त्याच. समदी माझ्याकडं वळून बघाय लागली. आमच्या ह्यास्नी तर हसू आवरंना. माझं लुगडं तिनं नेसलं का तिचं मी नेसले, मला काय कळंना झालं."

"आत्ती, दुकानात तसे दहा आले असतील."

"आसूंद्यात. माझ्या लग्नाचा एकच हुता."

आम्ही सगळे हसलो. आईसुद्धा हसली. मग जेवायला बसलो आणि आत्ती पुरी फोडता फोडता आईकडे न बघता म्हणाली, "आन कानडीत काढणार न्हाय तर कशात काढंल? त्येच्या आईनं धा वर्साचं पोरगं उचलून कानडी वसतिगृहात टाकलं. माझा भाऊ त्या घोरानंच गेला."

आई आमटी भुरकत होती. तिनं वाटी खाली ठेवली नाही की वर बघितलं नाही. "अकरा," ती म्हणाली. "अकरा सरलं हुतं त्येला."

मी काही बोलले नाही. माझ्या तोंडात घास होता, हे खरं आहे. पण तो गिळायला किती वेळ लागतो? मी मनात मोजलं असतं तर पाच-सहा क्षण. त्यानंतर कुणीतरी श्रीखंड वाढलं आणि बोलणं दुसरीकडे गेलं.

तू तेराव्याला बोललास तेव्हाही मी अशीच गप्प होते, स्वरूप. तेव्हा तोंडात घाससुद्धा नव्हता.

नीलम


अनगोळ
८ ऑक्टोबर २०२५

स्वरूप,

हे पत्र मी तीनदा लिहून फाडलं. हे चौथं. यात खाडाखोड नाही म्हणून हे खोटं समजू नकोस, फक्त पाठ झालंय.

तुझ्या शाळेच्या अर्जावर सही आईनं केलेली नाही. मी केली.

१९९८ चा मार्च. मी बी. ए. च्या दुसऱ्या वर्षाला होते. धारवाडकडच्या त्या सरकारी वसतिगृह शाळेचा अर्ज गावातल्या मास्तरांनी तुझ्यासाठी आणला, तू हुशार होतास म्हणून. राहणं, जेवण, शिकणं सगळं फुकट, पण सगळं कन्नडमध्ये. आप्पांनी अर्जाकडे बघितलंही नाही. त्याच आठवड्यात ते म्हणाले होते, दोघांचं शिक्षण आपल्याला झेपायचं नाही, नीलमचं यंदा थांबवू. तू गेलास तर माझं कॉलेज टिकणार होतं. हे एक. दुसरं म्हणजे तुझं भलं होईल असं मला खरंच वाटत होतं. आणि तिसरं, तू रात्री जिथं झोपायचास ती सोप्यातली खिडकीजवळची जागा मला अभ्यासाला हवी होती. यातलं कुठलं कारण किती मोठं होतं ते मी सत्तावीस वर्षं ठरवतेय. कधी एक वर येतं, कधी दुसरं. खिडकीचं पूर्णपणे खाली गेलंय असं कधीच झालेलं नाही.

आईला सहीपुरतं लिहिता यायचं. तिच्या पोस्टाच्या पासबुकावरची सही समोर ठेवून मी इतिहासाच्या वहीत नऊ वेळा गिरवली आणि दहावी अर्जावर केली. अर्ज मास्तरांना नेऊन दिला, आईनं सही केलीय म्हणून सांगितलं. तुला परीक्षेला मास्तरच घेऊन गेले, ती कसली परीक्षा ते आप्पांना कळलं नाही. मे महिन्यात निवडीचं पत्र आलं तेव्हा कळलं. ते मास्तरांकडे गेले, मास्तर म्हणाले, वहिनींची सही आहे. आप्पा घरी आले आणि अंगणात उभे राहून आईला विचारलं, "सही तू केलीस?"

मी दाराआड होते. आईनं दाराकडे बघितलं, मग आप्पांकडे बघितलं आणि म्हणाली, "व्हय. म्याच केली."

आप्पा तिच्याशी पुन्हा बोलले नाहीत. ते गेले तोवर, अकरा वर्षं. जेवायला वाढ हेसुद्धा ते भिंतीला सांगायचे. तुला तर जूनमध्येच पाठवलं, कारण मास्तरांनी गावातल्या चार माणसांना घरी आणलं आणि आप्पांना त्यांच्यापुढं नाही म्हणता आलं नाही. तू एसटीच्या खिडकीतून आईकडे बघत नव्हतास, माझ्याकडे बघून हात हलवत होतास.

आईनं मला वाचवलं. मी तिला एकदाही वाचवलं नाही.

आता तुझा सिनेमा. त्यात तायी असेल आणि तिनं मुलाला घालवलं असं असेल, तर तो खोटा आहे आणि तो खोटेपणा माझा आहे, तुझा नाही. त्यात ताई असेल तर तुला कुठूनतरी खरं कळलंय. मला दोन्ही बघवणार नाही. एवढंच कारण होतं. बाकी पक्ष, चमकी, एक नोव्हेंबर हे सगळं मी शोधून काढलेलं.

उद्या आईशी बोलेन. तिच्याशी आधी बोलून मग तुला लिहायला हवं होतं. पण मग मी तुला लिहिलंच नसतं.

नीलम


अनगोळ
११ ऑक्टोबर २०२५

स्वरूप,

माझं काय चाललंय ते मलाच समजत नाही, त्यामुळे जसं घडलं तसंच लिहिते.

परवा संध्याकाळी आई भुईमुगाच्या शेंगा फोडत बसली होती. मी समोर बसले.

"आई, स्वरूपच्या शाळेच्या कागदावर सही मी केलती."

"कवा?"

"तुला माहीत आहे की. आप्पांनी विचारलं तर तू माझ्यासाठी मीच केली म्हणून सांगितलंस."

"मीच केलती की."

"आई, मी केलती. तुझं नाव गिरवून गिरवून."

"व्हय. ती मास्तरनं फाडली." आईनं एक कुजका दाणा बाजूला टाकला. "दुसऱ्या दिशी घरी आलता. तू कॉलेजला गेलतीस. म्हणला, वहिनी, नाव तुमचं हाय, पर हात तुमचा न्हाय. म्या बघितलं. तू राजाबाई लिवलंवतंस. मी तवा राजाबाय लिवायची. म्हायेरी तसंच शिकवलंवतं."

स्वरूप, पासबुकात 'राजाबाय' होतं. मी ते नऊ वेळा समोर बघून गिरवलं आणि नऊही वेळा तिचं शुद्धलेखन सुधारलं. मला कळलंसुद्धा नाही.

"मग?"

"मग काय. त्यो दुसरा कागद ठिवून गेला. दोन दिस पिठाच्या डब्याखाली ठिवला. तिसऱ्या दिशी सही केली आन निऊन दिली."

"पण का?"

"तुझ्या आप्पाबरुबर उतारा आणाय गेलतो कचेरीत. उतारा समदा कानडी. ह्यो तुझा आप्पा झाडाखाली बसल्याला, एकेकाला हाका मारतोय, जरा वाचून दावा, जरा वाचून दावा. आमचीच जमीन, आन तिच्यावर काय लिवलंय ते आमास्नीच ठावं न्हाय. म्या म्हटलं, माझं पोरगं असं झाडाखाली बसणार न्हाय. काळी फीत बांधायची तर बांधूंदे, पर आधी वाचूंदे."

"आणि आप्पा बोलायचे बंद झाले ते?"

"ते बरंच झालं. अकरा वर्सं शांत जेवले मी."

ती हसली. मला हसता येईना. मी विचारलं, मला कधीच का सांगितलं नाहीस?

"तू कवा इचारलंस?"

"मला वाटलं तू माझ्यासाठी खोटं बोललीस."

आईनं शेंग फोडायची थांबवली. "म्हंजे मला काय कळतच न्हवतं, असं वाटलं तुला. पोरगं कुठं घालायचं ते बी तूच ठरवलं, आन मी आपली गाय, मागनं मुंडी हलवली." मग म्हणाली, "त्यापायीच आणलंस व्हय मला हितं? त्यापायीच संभाळलंस?"

मी नाही म्हणायला हवं होतं. लगेच म्हणायला हवं होतं. मी आधी विचार केला, की यात खरं किती आहे. तेवढ्यात ती उठून गेली.

काल दिवसभर ती माझ्याशी बोलली नाही. रात्रीचं जेवण तिनं परशरामांना विचारून वाढून घेतलं. आज सकाळी माझ्यापुढे येऊन उभी राहिली. "पिक्चर फोनवर आलाय न्हवं? मला लावून दे. ह्या असल्या फोनवर नको, तुझ्या त्या पेटीवर. आन तू भाईर बस."

उद्या रविवार आहे. शाळेचा लॅपटॉप आणलाय. तू मला आधी बघायला सांगितलं होतंस. मी ते करत नाहीये, आणि ही परवानगीही मी तुझ्याकडे मागितलेली नाही. मी तुला काय लिहिलं आणि त्यातलं किती चुकीचं निघालं, हे पुढच्या पत्रात खोडून लिहायचं म्हटलं तर सत्तावीस वर्षं खोडावी लागतील. मी केलेला गुन्हा मी केलाच नव्हता, आणि माझं मन हलकं व्हायला हवं होतं. तसं झालेलं नाही. उलट माझ्याजवळचं काहीतरी कुणी उचलून नेल्यासारखं वाटतंय.

नीलम


अनगोळ
१४ ऑक्टोबर २०२५

स्वरूप,

रविवारी तीन वाजता मी आईला सिनेमा लावून दिला आणि दार ओढून घेतलं. निळं लुगडं नेसली होती. घरातल्या घरात.

मी स्वयंपाकघरात बसले. भिंतीतून आवाज येत होता. ऐकणं म्हणजे बघणंच का, असा प्रश्न पडला. आधी पंख्याचं बटण पाचवर केलं, तरी येतच राहिला, मग मी मिक्सर लावला. आईनं फोडलेल्या सगळ्या दाण्यांची चटणी केली. मग सुकं खोबरं संपवलं. मग जवस. परशराम रानातून आले आणि दारातच थांबले.

"बारसं हाय का काय कुणाचं?"

"आत आई सिनेमा बघतेय."

"हत्ती हाय त्यात?"

"मला माहीत नाही."

"मग मी बी भाईरच बसतो," म्हणाले आणि चटणीची चव बघत बसले.

मध्ये आईनं एकदा हाक मारली. वाटलं, आत ये म्हणेल. तर म्हणाली, "मागं कसं न्यायचं हे?" मी पडद्याकडे पाठ करून तिच्या बोटाला जागा दाखवली. कुठला भाग तिला पुन्हा बघायचा होता ते माहीत नाही. त्यानंतर ती मोठ्यानं हसली.

पाच वाजता बाहेर आली. डोळे लाल होते, पण जवसाच्या चटणीच्या ठसक्यानं आम्हा तिघांचेही तसेच होते, त्यामुळे नक्की सांगता येणार नाही. "तेला फोन लाव," म्हणाली. मी लावून दिला. ती फोन घेऊन आतल्या खोलीत गेली आणि तिनं आतून कडी घातली.

एकेचाळीस मिनिटं. मी दाराशी उभी होते, हे लिहायला हवं. पहिल्यांदा तुम्ही दोघंही काहीच बोलत नव्हतात, किंवा तू बोलत होतास आणि मला ऐकू येत नव्हतं. मग आई बोलायला लागली, आणि स्वरूप, ती कन्नड बोलत होती. तोडकंमोडकं, मधेच मराठी घुसडलेलं, पण थांबत नव्हती. मला वाटायचं तिला भाजीच्या भावापुरतं येतं. हे ती कधी शिकली? तुझ्या सुट्टीत तू येऊन तिच्याशी बोलायचा नाहीस, त्या वर्षांत? कुणासाठी शिकली, हे विचारायची मला गरज नाही. कधी, एवढंच कळत नाही. आम्ही तर एकाच घरात होतो.

बाहेर आल्यावर मी विचारलं, "काय म्हणाला?"

"आमचं आमी बोललो."

"सिनेमात काय आहे, आई?"

"हाय की पुष्कळ."

"मी आहे?"

"हाईस की. जराशी."

"जराशी म्हणजे?"

"म्हंजे येतीस, बोलतीस, जातीस." मग माझा चेहरा बघून तिला दया आली असावी. "बरी दाखवलीया. शानी."

बेळगावात लावायचं का, हे तू तिलाच विचारलंस असं ती म्हणाली. "लावणारच हाय त्यो. आन मी थेटरात परत जाणार. पेटीवर बारीक दिसतंय समदं." म्हणजे माझ्याकडे पंधरा तारखेला द्यायचं काही उत्तर उरलेलं नाही.

तिच्या प्रश्नाचं उत्तर मी काल दिलं. चटणीच्या बरण्या भरताना म्हटलं, "आधी त्यापायीच आणलं होतं तुला. आता त्यापायी नाही." हे मी दोन दिवस तपासून पाहिलं आणि मला खरं वाटलं. आई म्हणाली, "एवढा इचार करून सांगितलंस म्हंजे खरंच आसंल." तिनं टोमणा मारला की विश्वास ठेवला, ते ओळखता आलं नाही. पण जेवायला माझ्याच ताटाशेजारी बसली.

सिनेमाच्या नावाचं मी तिला विचारलं, तायी की ताई. ती म्हणाली, मला कुठं इंग्रजी वाचाय येतंय.

मी म्हटलं, मग आता मी बघू का?

"मला काय इचारतीस? तेचा पिक्चर हाय."

म्हणून तुला विचारते. आधी तू दिलेली परवानगी वेगळी होती. ती आईच्या वतीनं होती, आणि आईला माझी गरज नव्हती हे आता कळलंय. ही मी माझ्यासाठी मागतेय. तुझ्या आयुष्यात मी जेवढी जराशी आहे तेवढीच मला बघायची आहे. मी बघू का?

नको म्हणालास तरी चालेल. कारण विचारणार नाही.

ताई